चौकटीबाहेर राहिलेला माळ

विश्रामबागेला पक्ष्यांसाठी कुणी मुद्दाम येत नाही. सांगली आणि मिरज यांच्या मधलं, एकेकाळी दोन्ही गावांपासून सुटं असलेलं आणि आता दोन्हींना चिकटून गेलेलं हे उपनगर. १९१९ सालचं विलिंग्डन कॉलेज, नंतर आलेलं वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालय, लहानसं रेल्वे स्टेशन आणि या सगळ्यांभोवती वाढत गेलेल्या कॉलन्या. पण ज्याला पक्ष्यांचे फोटो काढायचा नाद आहे, त्याला राहायला ही जागा सोयीची आहे. कॉलेजांच्या आवारातल्या जुन्या झाडांवर तांबट आणि पिंगळे आहेत. हरिपूरचा कृष्णा-वारणा संगम हाकेच्या अंतरावर आहे. मिरजेपलीकडे दंडोबाचा डोंगर, वर सागरेश्वरचं माणसाच्या हातांनी उभं केलेलं अभयारण्य, पूर्वेला कवठे महांकाळ आणि जतचे उघडे माळ, उत्तरेला सातारा जिल्ह्यातले मायणी आणि येरळवाडीचे तलाव. नदी, डोंगर, लावलेलं जंगल, माळरान आणि तलाव असे पाच वेगळे अधिवास पहाटे निघून रात्री घरी परतण्याच्या टप्प्यात आहेत. असं असूनही या भागात काढलेले पक्ष्यांचे फोटो एकापुढे एक लावून पाहिले, तर हा फरक त्यांत जवळजवळ दिसतच नाही. पक्षी चौकटभर असतो, डोळ्यात उजेडाचा ठिपका असतो, पिसान्‌पीस मोजता येतं, आणि मागे सगळीकडे सारखाच हिरवट किंवा मातकट रंग पसरलेला असतो. त्यातला खंड्या हरिपूरचा की हैदराबादचा, हे सांगायला फोटोखालची ओळ वाचावी लागते.

पक्षीछायाचित्रणाविषयी दोन तक्रारी नेहमी ऐकू येतात. एक नैतिक आहे: छायाचित्रकार पक्ष्यांना त्रास देतात. दुसरी कलेच्या बाजूची आहे: सगळे फोटो एका साच्यातले वाटतात. या तक्रारी वेगवेगळ्या माणसांकडून येतात आणि त्यांची उत्तरंही वेगवेगळी दिली जातात. माझ्या मते दोन्हींचं मूळ एकच आहे. पक्ष्यानं चौकट भरलीच पाहिजे, या अट्टहासातून दोन्ही निपजतात. तो अट्टहास फोटो काढणाऱ्याला पक्ष्याच्या फार जवळ नेतो, आणि तोच पक्ष्याची जागा फोटोतून पुसून टाकतो. पहिलं नुकसान पक्ष्याचं होतं. दुसरं आपलं होतं, आणि त्याची चर्चा फार कमी होते.

आधी थोडं तंत्राचं, कारण गैरसमज तिथेच सुरू होतात. लेन्स जितक्या जास्त मिलिमीटरची, तितका तिच्यात मावणारा तुकडा लहान. ज्या कॅमेऱ्याचा सेन्सर ३६ मिलिमीटर रुंद आहे, त्याला ६०० मिलिमीटरची लेन्स लावून ३० मीटरवर रोखली, तर चौकटीत साधारण एक मीटर ऐंशी सेंटिमीटर रुंदीचा पट्टा येतो. लहान सेन्सरच्या, त्यामुळे बऱ्याच स्वस्त कॅमेऱ्याला ४०० मिलिमीटरची लेन्स लावली तरी जवळपास तेवढाच पट्टा मिळतो. टिटवी असते एक फुटाहून थोडी मोठी, म्हणजे चौकटीच्या रुंदीचा पाचवा-सहावा हिस्सा ती व्यापते. आजच्या साध्या २४ मेगापिक्सेल कॅमेऱ्यात हा हिस्सा हजाराहून अधिक पिक्सेल भरतो. मासिकात तीन-साडेतीन इंच रुंदीनं स्वच्छ छापता येईल इतका. डोळ्यापुढची लाल मांसल घडी दिसते, पायांचा पिवळा रंग दिसतो, ओळख पटायला काही कमी पडत नाही. शिवाय टिटवीभोवती दीड मीटरभर माती, खडी, वाळकं कुसळी गवत आणि कदाचित तिची सावलीही येते. हाच माणूस दहा मीटरवर सरकला, की पट्टा साठ सेंटिमीटरचा होतो, टिटवी अर्धी चौकट व्यापते, पाठीमागचं सगळं विरघळतं आणि फोटोला भरपूर दाद मिळते. मधल्या त्या वीस मीटरांत बहुतेक वेळा टिटवी ओरडून उठलेली असते.

जवळ जाण्याच्या या ओढीला इतिहास आहे, आणि एके काळी तिला सबळ कारणही होतं. काचेच्या प्लेटा, मंद गतीची रसायनं आणि तिपाईवरचे अवजड कॅमेरे यांच्या जमान्यात उडत्या किंवा चरत्या पक्ष्याचा फोटो जवळजवळ अशक्य होता. पक्षी ठरलेल्या जागी, पुनःपुन्हा, खात्रीनं येईल असं ठिकाण एकच होतं, ते म्हणजे घरटं. इंग्लंडमधल्या रिचर्ड आणि चेरी कीर्टन या भावांनी १८९५ साली घरट्यांवरचं पुस्तक संपूर्ण छायाचित्रांनिशी काढलं. पुढे त्यांनी जवळ जाण्यासाठी पोकळ बैलाचं सोंगसुद्धा वापरलं. एरिक हॉस्किंग या नामवंत छायाचित्रकाराला १९३७ मध्ये घुबडाच्या घरट्याशी काम करताना घुबडानं डोळ्यावर पंजा मारला आणि तो डोळा कायमचा गेला. आपल्याकडे ई. एच. एन. लोथर यांचं भारतातल्या पक्षीछायाचित्रणावरचं पुस्तक १९४९ चं. सालिम अलींसोबत भटकंती करणारे मलायातले उद्योगपती लोक वान थो यांचं १९५७ चं. या पिढीचं बरंचसं काम लपण बांधून, घरट्यासमोर तासन्‌तास बसून झालेलं आहे. त्यांना आजच्या नियमांनी आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करणं अन्यायाचं ठरेल. ते ज्या यंत्राशी बांधलेले होते त्यानंच त्यांना घरट्याशी बांधलं होतं. आजच्या कॅमेऱ्यात एका सेकंदाचा दोन हजारावा भाग पकडता येतो, अंधुक उजेडात चालणारा सेन्सर आहे, पक्ष्याचा डोळा आपणहून शोधणारं फोकस आहे. घरट्याकडे नेणारी तांत्रिक गरज संपली, सवय मात्र मागे राहिली आहे. ‘पिल्लाला भरवताना’ हा फोटो अजूनही हमखास टाळ्या मिळवतो.

त्या टाळ्यांची किंमत सांगलीच्या उन्हात नेमकी किती, हे टिटवीवरूनच पाहू. ती घरटं बांधतच नाही म्हटलं तरी चालेल. मोकळ्या प्लॉटवर, शेताच्या कडेला, कधी सपाट गच्चीवरसुद्धा खड्यांच्या उथळ खळग्यात चार ठिपकेदार अंडी घालते. तिनं अंडी किती उंचावर घातली यावरून पावसाचा अंदाज बांधणारे शेतकरी अजून आहेत. अंडी उबायला जवळपास चार आठवडे लागतात, आणि हे मार्च ते मे-जूनच्या काहिलीत चालतं. आपल्याला वाटतं पक्षी अंड्यांवर बसतो तो ऊब द्यायला. दुपारी बारा वाजता टिटवी अंड्यांवर उभी असते ती सावली द्यायला. अंड्यातल्या गर्भाला सदतीस-अडतीस अंश मानवतात; चाळिशीच्या पुढे तापमान फार वेळ राहिलं तर तो दगावतो. एप्रिलच्या दुपारी उघड्या जमिनीचा पृष्ठभाग पन्नास अंशांच्याही पुढे जातो. म्हणून टिटवी पाण्यावर जाऊन पोटाची पिसं भिजवून आणते आणि ओल्या पिसांनी अंडी गार ठेवते. आता तिथे एक कॅमेरावाला वीस मिनिटं ठाण मांडून बसला, ती वरून घिरट्या घालत ओरडत राहिली, तर त्या वीस मिनिटांत अंडी उन्हात उघडी आहेत. तो काही मोडत नाही, काही उचलत नाही, त्यामुळे आपण काहीच केलं नाही असं त्याला प्रामाणिकपणे वाटतं. झाडावरच्या घरट्यांचं थोडं वेगळं आहे. तिथे फोटोच्या आड येणारी फांदी वाकवली किंवा छाटली जाते, आणि जी पानं कॅमेऱ्याला अडचण होती तीच ऊन आणि कावळा यांच्यापासूनचा आडोसा होती, हे नंतर कळतं किंवा कळतही नाही.

कायद्यानं हे कधीच ओळखलेलं आहे. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ मध्ये शिकारीची जी व्याख्या आहे, तिच्यात मारणं, पकडणं, सापळा लावणं यांच्याबरोबर वन्य पक्ष्यांची अंडी खराब करणं आणि अंडी किंवा घरटी यांना बाधा पोचवणं हेही येतं. ही तरतूद फक्त अभयारण्यापुरती नाही. आपण स्वतःला शिकाऱ्याच्या नेमकं विरुद्ध टोकाला उभे समजतो. कायद्याची व्याख्या मात्र, विशिष्ट वागणुकीपुरती का होईना, दोघांना एकाच रांगेत उभं करते.

घरट्यापासून दूर असलेल्या पक्ष्यांचं काय? इथे नुकसान दिसत नाही, कारण पक्षी उडतो आणि शंभर मीटरवर पुन्हा बसतो. आपल्याला उलट उडतानाचा फोटो मिळतो. पण हिवाळ्यात येरळवाडीच्या पाण्यावर आलेला पट्टकादंब हिमालय ओलांडून आलेला असतो. या पक्ष्यांना यंत्रं बसवून केलेल्या अभ्यासात ७,२९० मीटर उंचीपर्यंतच्या उड्डाणाची नोंद झाली आहे. परतीच्या त्याच प्रवासासाठी लागणारी चरबी त्याला इथल्या गवतावर आणि शेतांतल्या कोवळ्या पिकांवर साठवायची असते. प्रत्येक वेळी थवा उठवला, की खाण्याचा वेळ जातो आणि साठवलेलं थोडं खर्चही होतं. एकदा उठवल्यानं काही बिघडत नाही. रविवारी सकाळी चार गाड्या आल्या आणि प्रत्येकानं आपापला थवा उठवला, म्हणजे हिशेब बदलतो. माळावरच्या पखुर्ड्यांचं तर पाणवठ्यावर ठरलेल्या वेळी येण्यावरच सगळं अवलंबून असतं. नर पोटाची पिसं पाण्यात भिजवून ते पाणी पिल्लांपर्यंत नेतो. त्या वेळी पाणवठ्याच्या काठावर उघड्यावर बसून राहणं म्हणजे नळाच्या वेळेत नळावर ठाण मांडणं. पक्षी उडण्याआधी बरंच सांगतो: चरणं थांबतं, मान वर होते, अंग ताठ होतं, काही पक्षी शेपूट झटकायला लागतात. ही खूण दिसली की आहे तिथे थांबायचं किंवा दोन पावलं मागे यायचं, एवढं पाळलं तरी अर्धा प्रश्न सुटतो. मोबाइलवर आवाज वाजवून पक्षी पुढ्यात आणण्याची युक्ती मात्र मला जवळ जाण्यापेक्षाही वाईट वाटते. आपल्या हद्दीत दुसरा नर घुसला असं समजून तो पक्षी सगळं सोडून नसलेल्या शत्रूशी भांडायला येतो. तो फोटो फसवून काढलेला असतो.

यावर सर्वात वजनदार आक्षेप असा, की हे सगळं खरं असलं तरी प्रमाण पाहा. सांगली जिल्ह्याच्या पूर्व भागातला माळ कुठल्या छायाचित्रकारानं संपवलेला नाही. ताकारी, म्हैसाळ, टेंभू या उपसा योजनांचं पाणी दुष्काळी तालुक्यांत पोचलं, आणि जिथे मेंढरं चरत होती तिथे द्राक्षबागा आणि ऊस उभा राहिला. पिढ्यान्‌पिढ्या टँकरची वाट पाहिलेल्या माणसांना हे पाणी मिळालं, याबद्दल तक्रार करण्याचा अधिकार विश्रामबागेत नळाखाली गाडी धुणाऱ्या कुणालाही नाही. पण त्याच पाण्यानं माळटिटवी, धाविक, चंडोल, भोवत्या यांची जागा आक्रसली, हेही तितकंच खरं. त्यात पवनचक्क्या, विजेच्या तारा, मुरुमाच्या खाणी, रुंद झालेले महामार्ग, कृष्णेतला वाळूउपसा. या यादीपुढे दहा-वीस कॅमेरेवाल्यांचं वजन ते किती? आक्षेप मला मान्य आहे. फक्त त्यातून निघणारा निष्कर्ष उलटा आहे असं मला वाटतं. मोठं नुकसान जर जागेचं होत असेल, तर पक्ष्याच्या फोटोत सगळ्यात मोलाचा भाग जागेचाच ठरतो, आणि आपण नेमका तोच धुरकट करून टाकतो आहोत.

जतच्या माळावरच्या धाविकाचा चौकटभर फोटो आणखी तीस वर्षांनी कुणी पाहिला तर त्याला काय कळेल? धाविक कसा दिसतो, एवढं. ते आजही कुठल्याही पक्षीपुस्तकात आहे. तोच फोटो मागे सरून काढला, त्यात खुरटं गवत, मधले उघडे पट्टे, मेंढरांचा कळप आणि क्षितिजावर नव्यानं आलेला उसाचा हिरवा पट्टा असला, तर धाविकाला कशी जमीन लागते, किती उंचीचं गवत लागतं, माडग्याळी मेंढ्यांच्या चरण्याशी त्याचं काय नातं आहे आणि ऊस कुठवर आला होता, हे सगळं त्या एका फोटोत शिल्लक राहील. सरकारी नोंदींत अशा जमिनीला बऱ्याचदा पडीक म्हटलेलं असतं. ती पडीक नाही हे सांगणारा पुरावा छायाचित्रकाराच्या हातात आपोआप येतो, आणि तो ती संधी सुंदर धूसर पार्श्वभूमीसाठी सोडून देतो. पासपोर्टच्या फोटोवरून माणूस ओळखता येतो, तो कुठे राहतो आणि कसा जगतो हे त्यातून कळत नाही. आपल्या पक्षीफोटोंचं तसंच झालं आहे.

फोटो हा पुरावा असतो, ही काही ओढूनताणून आणलेली कल्पना नव्हे. एकोणिसाव्या शतकात एखादा पक्षी अमुक ठिकाणी आहे हे सिद्ध करायला तो गोळी घालून पाडावा लागे आणि त्याचं कातडं संग्रहालयात पाठवावं लागे. रानपिंगळ्याची गोष्ट यासाठी पाहण्यासारखी आहे. १८८४ नंतर या लहानशा घुबडाचा एकही खात्रीलायक नमुना नव्हता. त्यानंतरचा एक नमुना होता, १९१४ चा म्हणून नोंदलेला; पण तो ब्रिटिश पक्षीसंग्राहक रिचर्ड माइनर्ट्‌झहागेन यांनी संग्रहालयातून चोरून, खोटी चिठ्ठी लावून स्वतःच्या नावावर खपवलेला निघाला. पक्षीशास्त्रज्ञ पामेला रासमुसेन यांनी ही लबाडी उघडी केली आणि नोव्हेंबर १९९७ मध्ये त्या आणि त्यांचे सहकारी आताच्या नंदुरबार जिल्ह्यात शहाद्याजवळ पोचले, तेव्हा रानपिंगळा एकशे तेरा वर्षांनी पुन्हा सापडला. या वेळी कुणी बंदूक उचलली नाही. पुरावा म्हणून पुरेसं ठरलं ते चित्रण. पुढे २००६ मध्ये पुण्याचे खगोलशास्त्रज्ञ रमण अत्रेय यांनी अरुणाचलातल्या ईगलनेस्टमधून ‘बुगुन लिओसिकला’ ही पक्ष्याची नवी जातच जगापुढे मांडली, तीही पक्षी न मारता, गळालेली पिसं, मोजमापं आणि फोटो यांच्या आधारावर. ज्या साधनानं मृत नमुन्याची जागा घेतली ते साधन आज प्रत्येकाच्या हातात आहे. २०२३ चा ‘स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्‌स’ हा अहवाल तीस हजारांहून अधिक हौशी पक्षीनिरीक्षकांच्या तीन कोटींवर नोंदींतून तयार झाला, ९४२ जातींचा त्यात आढावा आहे, आणि माळरानांसारख्या उघड्या जागांवरचे पक्षी झपाट्यानं कमी होत आहेत हे त्याच्या ठळक निष्कर्षांपैकी एक आहे. किती पक्षी कमी झाले हे आकडे सांगतात. ज्या माळावरून ते गेले तो आधी कसा होता, हे सांगायला मात्र जुने फोटोच लागतील.

जवळच्या फोटोच्या बाजूनं दोन गोष्टी मान्य करायला हव्यात. पहिली ओळखीची. वटवट्ये, तुतारी, भोवत्यांच्या माद्या अशा काही पक्ष्यांत पंखाच्या एखाद्या पिसाची लांबी किंवा भुवईची रेघ पाहिल्याशिवाय जात ठरत नाही. तिथे बारकावा लागतो. पण तो नंतर फोटो कापून मोठा करूनही मिळतो, हे वरच्या हिशेबावरून दिसतंच. दुसरी गोष्ट अधिक खरी आहे: सुंदर फोटोमुळे माणसं पक्ष्यांकडे वळतात. ५ ते १२ नोव्हेंबर हा आठवडा, म्हणजे मारुती चितमपल्लींच्या जन्मदिवसापासून सालिम अलींच्या जन्मदिवसापर्यंतचा काळ, महाराष्ट्रात पक्षी सप्ताह म्हणून पाळला जातो. त्यातल्या प्रदर्शनात शाळकरी मूल नवरंगाच्या नाहीतर स्वर्गीय नर्तकाच्या फोटोपुढे खिळून उभं राहतं. ते खिळणं खोटं नाही. मात्र फोटोत जे आहे त्याच्यावरच प्रेम जडतं. चाळीस चौकटींत चाळीस देखणे पक्षी आणि एकाही चौकटीत माळ नाही, नाला नाही, बाभूळ नाही, असं प्रदर्शन पाहून बाहेर पडलेलं मूल पक्ष्यांवर प्रेम करायला शिकतं आणि शेजारचं गायरान विकायला काढलं तेव्हा त्याला काहीच वाटत नाही. त्या दोन गोष्टींचा संबंध आहे हे त्याला कुणी दाखवलेलंच नसतं.

मायणीचा तलाव घ्या. त्याची ख्याती रोहित पक्ष्यांमुळे झाली, आणि आता मायणीसह आसपासच्या तलावांना पक्षी संवर्धन राखीव क्षेत्राचा दर्जाही आहे. रोहित येणार की नाही हे बऱ्याच अंशी पाण्याच्या खोलीवर ठरतं. लांब पायांवर उथळ पाण्यात उभं राहून, उलटी चोच चिखलात घालून तो सूक्ष्म जीव गाळून खातो. तलाव तुडुंब असला तर त्याला उभं राहायला जागा नाही, आणि पार आटला तर खायला काही नाही. म्हणजे मायणीच्या रोहिताच्या फोटोत त्याच्या गुलाबी पंखाइतकीच महत्त्वाची असते ती पाण्याची रेषा: बांधापासून किती खाली, चिखलाचा पट्टा किती रुंद, बेशरम कुठवर माजली आहे. चौकटभर रोहिताच्या फोटोत यातलं काही उरत नाही. बांधावरच्या त्याच एका जागेवरून, त्याच दिशेनं, दर हिवाळ्यात काढलेले दहा वर्षांचे साधे फोटो वनखात्याच्या आणि पाटबंधारे खात्याच्या टेबलावर ठेवता येतात. त्यावर बोलता येतं, भांडताही येतं.

पण जागा दाखवली की चोराला वाट दाखवल्यासारखं होतं, हा आक्षेप मी सगळ्यात गंभीर मानतो. घुबडाची ढोली, शृंगी घुबडाची कपार, दुर्मीळ पक्ष्याची नेहमीची बसण्याची जागा उघड झाली की दुसऱ्या दिवशी तिथे गर्दी होते, आणि घुबडांच्या बाबतीत गर्दीहून वाईटही काही येऊ शकतं. अंधश्रद्धेपायी त्यांचा व्यापार चालतो. ई-बर्डसारखं जागतिक नोंदणीस्थळसुद्धा काही संवेदनशील जातींची ठिकाणं लपवून ठेवतं. मग मी जागा दाखवा म्हणतो ते कसं? अधिवास आणि पत्ता यांत फरक केला की यातून वाट निघते. माळ दिसावा, पण तो कुठल्या गावच्या कुठल्या गटातला हे फोटोबरोबर जायलाच हवं असं नाही. ओळखू येणारा मैलाचा दगड, देवळाचा कळस, पवनचक्कीचा क्रमांक चौकटीबाहेर ठेवता येतो. डिजिटल फोटोच्या पोटात वेळ आणि बऱ्याचदा अक्षांश-रेखांशही लपलेले असतात, विशेषतः मोबाइलच्या. ते काढून मग फोटो टाकावा, आणि मूळ फाईल पुराव्यासाठी जपून ठेवावी. घरट्याचा फोटो काढूच नये, मग पत्त्याचा प्रश्नच उरत नाही. देशातल्या काही नामवंत वन्यजीव छायाचित्र स्पर्धा घरट्याचे फोटो स्वीकारत नाहीत, ते बरोबरच आहे.

पैशाचा मुद्दा राहिला. चांगली ६०० मिलिमीटरची लेन्स दुचाकीपेक्षा, कधी चारचाकीपेक्षाही महाग असते, तेव्हा लांबून फोटो काढा हे सांगणं श्रीमंतांनाच परवडणारं आहे, असं कुणी म्हणेल. उलट आहे. चौकट भरण्याचा नियम हाच श्रीमंतांचा नियम आहे. तो पाळायचा तर लहान लेन्सवाल्याला पक्ष्याच्या अंगावर जावं लागतं. तो नियम काढून टाकला की दोनशे मिलिमीटरची लेन्ससुद्धा उत्तम काम देते, कारण तिच्यात आपोआप परिसर येतो. मग कौशल्य लागतं ते वेगळं. उजेड कुठून येतो, पक्षी कुठे येऊन बसणार, त्याच्या मागे क्षितिज कुठे पडतं, हे आधी पाहून एका जागी गप्प बसायचं. रस्त्याच्या कडेला उभी केलेली गाडी हे सगळ्यात स्वस्त लपण आहे. चालत्या माणसाला पाहून लांबूनच उठणारी कापशी घार गाडीकडे बऱ्याचदा दुर्लक्ष करते, दार उघडलं की संपलं. पैसे देऊन बसायची कायमची लपणं आता अनेक ठिकाणी झाली आहेत. पाणी ठेवलेलं, बसायला काडी रोवलेली, कुठे फळं आणि अळ्याही टाकलेल्या. त्यांना मी सरसकट नावं ठेवणार नाही. एकाच ठरलेल्या जागी माणसं बसतात, पक्ष्यांना ती सवयीची होतात आणि एखाद्या शेतकऱ्याला झाड न तोडण्याचं कारण मिळतं. उजनीच्या फुगवट्यावर भिगवणच्या मच्छीमारांनी पक्ष्यांवर रोजगार उभा केला, तोही याच जातीचा. नाव रोहितांच्या थव्यात घालून तो उठवायला सांगणारा पाहुणा नावाड्याला पैसे देत असतो, तेव्हा दोष नावाड्याला देऊन भागत नाही. फक्त अशा लपणातून काढलेल्या फोटोला नैसर्गिक अधिवासातला फोटो म्हणू नये. रोवलेल्या काडीवर, टाकलेल्या अळीसाठी आलेला पक्षी खरा असतो, जागा मांडलेली असते.

तेव्हा बदल कुठून सुरू व्हावा असं विचारलं, तर मी छायाचित्रकारांच्या आधी परीक्षकांचं नाव घेईन. कॅमेरा क्लब, कॉलेजांची निसर्ग मंडळं, पक्षी सप्ताहाची प्रदर्शनं भरवणारे, दिवाळी अंकांचे आणि कॅलेंडरांचे संपादक, ही मंडळी काय निवडतात यावर पुढच्या वर्षी माळावर कोण किती जवळ जाणार हे ठरतं. प्रवेशपत्रिकेत एक रकाना वाढवायला काही खर्च येत नाही: अंदाजे किती अंतरावरून काढला, आवाज किंवा खाद्य वापरलं का, आणि फोटो काढून निघालात तेव्हा पक्षी काय करत होता. खोटं लिहिणारे लिहितीलच. पण शेवटच्या प्रश्नाचं उत्तर लिहायचं आहे हे माहीत असलेला माणूस निघताना एकदा मागे वळून पाहील, आणि निम्म्याहून अधिक लोकांनी ते आजवर पाहिलेलंच नसतं. दुसरा बक्षीसविभाग ‘पक्षी आणि त्याची जागा’ असा ठेवावा, त्यात पक्ष्यानं चौकटीचा दहावा हिस्साही व्यापला नाही तरी चालेल. विलिंग्डनच्या झाडावरचा पिंगळा आणि मागे परीक्षेला निघालेली पोरं, कृष्णेच्या दरडीतल्या बिळाशी वेडा राघू आणि पलीकडे पाण्याचा पंप, अर्धवट बांधलेल्या अपार्टमेंटच्या सळ्यांवर कापशी: असे फोटो काढायला महाग लेन्स लागत नाही, आणि ते सांगली-मिरज सोडून दुसरीकडे कुठे निघणारही नाहीत.